तोंडी हुकूम

हवालदारांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मग हात लांब करून पाहिली आणि टेबलावर पालथी घातली.

“हे असंच छापणार असाल, तर मी उद्यापासून येत नाही.”

संपादकबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. तीन आठवड्यांत ही धमकी त्यांनी पाचव्यांदा ऐकली होती.

“उद्या बुधवार आहे. बुधवारी तुम्ही येतच नाही,” त्या म्हणाल्या. “काय चुकलंय ते सांगा.”

“सर्वांत खालच्या.”

बाईंनी चिठ्ठी सुलटी केली. ‘शिपाई : १. सैन्यातील सर्वांत खालच्या दर्जाचा सैनिक.’ अक्षर त्यांचेच होते, व्याख्याही त्यांचीच, आणि तीत बोट ठेवायला कुठे जागा असेल असे त्यांना वाटले नव्हते.

“मग काय, सर्वांत वरच्या लिहू?”

“पहिल्या लिहा. माणूस फौजेत शिरतो तो शिपाई म्हणूनच. पायरी पहिली असते, खालची कशाला म्हणायची?”

शब्दावर कुणी शब्द काढला की बाईंना गप्प बसवत नसे. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“शब्द कुठून आला ठाऊक आहे? फारसीतून. सिपाह म्हणजे फौज. सिपाहचा तो सिपाही, आणि आपल्या तोंडी बसला शिपाई.”

हवालदारांनी हे नीट ऐकून घेतले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काडीसारखे सरळ गृहस्थ. खुर्चीत बसले तरी पाठ टेकत नसत.

“म्हणजे फौजेचं नाव आहे ते एकट्या शिपायाच्या नावात,” ते म्हणाले. “कर्नलच्या नाही, जनरलच्या नाही.”

“तसं म्हणता येईल.”

“आणि त्यालाच तुम्ही सर्वांत खालचा करून ठेवलाय.”

बाईंनी निमूटपणे खोडरबर उचलले. तेवढ्यात कचेरीचे नाना चहाचे कप घेऊन आले आणि ट्रे खाली ठेवता ठेवता मान वाकडी करून चिठ्ठी वाचू लागले. नाना या कचेरीत एकतीस वर्षे शिपाई होते, त्यामुळे दुसऱ्या अर्थावर आपला हक्क आहे असे त्यांना वाटत होते.

“‘२. कचेरीत निरोप पोचवणारा, पडेल ते काम करणारा नोकर,’” त्यांनी मोठ्याने वाचले. “पडेल ते काम करतो आणि वर ऐकूनही घेतो. तेही घाला, बाई. अर्धवट नको.”

“नाना, चहा गार होतोय.”

“बघा, ऐकून घेतोच आहे,” नाना हवालदारांना म्हणाले आणि हवालदार तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले.

ही कचेरी म्हणजे शब्दकोशाची कचेरी. एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यांत भिंतभर लाकडी खण, आणि खणांत बोटभर रुंद जागा न ठेवता उभ्या केलेल्या चिठ्ठ्या. सगळा कोश या चिठ्ठ्यांतून तयार झाला होता. आता शेवटचा खंड उरला होता, ‘ल’पासून पुढचा. छापखान्याचा मुकादम दर सोमवारी फोन करून ‘कुठवर आलं?’ विचारत असे आणि बाई दर सोमवारी ‘आलंच’ म्हणत असत.

कोश ज्यांनी सुरू केला ते थोरले संपादक जाऊन वीस वर्षे झाली, पण त्यांचे दोन नियम अजून भिंतीत खिळ्यासारखे पक्के होते. पहिला नियम, शब्दाचा वापर दाखवणारे वाक्य टेबलावर बसून बनवायचे नाही. ज्याच्या रोजच्या बोलण्यात तो शब्द आहे, त्याच्या तोंडून ते यायला हवे. चिठ्ठीवर शब्द, वाक्य, बोलणाऱ्याचे नाव, त्याचा हुद्दा किंवा धंदा आणि तारीख असे पाच रकाने छापलेले असत. छापील कोशात फक्त वाक्य जाई, नाव चिठ्ठीवरच राही. तरुणपणी बाईंनी एकदा ‘रंधा’ या शब्दाचे वाक्य मनाने लिहून दिले होते. थोरल्या संपादकांनी ते नुसते वाचले आणि विचारले, “हे बोलताना सुताराच्या हातात काय होतं?” बाई त्याच दुपारी पायऱ्या उतरून सुताराच्या दुकानात गेल्या होत्या.

दुसरा नियम, चिठ्ठी कचेरीबाहेर जायची नाही. कोशमंडळाच्या अध्यक्षांनी एकदा चिठ्ठीच्या पाठीवर औषधाचे नाव लिहून ती खिशात घातली, तर बाई तीन मजले धावत गेल्या आणि गाडीच्या खिडकीतून हात घालून ती परत घेऊन आल्या. अध्यक्ष अजून त्यांच्याशी जपूनच बोलतात.

सैन्यातल्या शब्दांसाठी माणूस हवा म्हणून बाईंनी निवृत्त सैनिकांच्या संस्थेला पत्र धाडले होते आणि संस्थेने हवालदारांना पाठवले. मंगळवारी आणि शुक्रवारी दहाच्या ठोक्याला ते दारात उभे राहत आणि बसा म्हटल्याशिवाय बसत नसत. ‘नाईक’ हा शब्द आठ वर्षांपूर्वीच्या खंडात छापून गेला होता याचे त्यांना फार वाईट वाटले.

“काय लिहिलंय त्यात?”

बाईंनी जुना खंड काढून दाखवला. नायक या शब्दापासून, नेणारा, पुढारी. नाटक-सिनेमातला मुख्य पुरुष. सैन्यातला एक हुद्दा.

“सिनेमातला दुसरा आणि आमचा तिसरा,” हवालदार म्हणाले. “असो. त्याला निदान गाणी तरी म्हणावी लागतात.”

‘सार्जंट’ या शब्दाच्या दिवशी बाईंनी सांगितले की परक्या फौजांतल्या या रुबाबदार हुद्द्याचा मूळ अर्थ चाकर असा आहे, सेवा करणारा. तेव्हा नाना दारातूनच म्हणाले, “म्हणजे मी सार्जंट झालो की!” आणि पुढचे दोन दिवस त्यांनी फायली जरा जोरात आपटल्या. ‘हवालदार’ या शब्दाच्या दिवशी मात्र गंमत झाली नाही. हवाला म्हणजे सोपवणे, ज्याच्या हवाली काही केले आहे तो हवालदार, असे बाईंनी वाचून दाखवले. हवालदार म्हणाले, “बरोबर आहे,” आणि त्या दिवशी वेळेआधी उठून गेले. बाईंना वाटले, आपला शब्द इतका पटकन उरकला म्हणून रुसले असतील.

शिपायाचे भांडण मिटल्यावर त्या मंगळवारी उरला होता एकच शब्द. खरे तर तो क्रमाने आधी यायचा, पण हवालदार त्याला दर वेळी ‘नंतर बघू’ म्हणत टाळत आले होते.

“लान्सनाईक,” बाईंनी चिठ्ठी पुढे सरकवली. “शिपायाच्या वरचा आणि नाईकाच्या खालचा हुद्दा. लेखी आदेशाने दिला जातो. यात काही खालचं-वरचं झालं असेल तर आत्ताच सांगा.”

“लान्स म्हणजे काय?”

“भाला. जुन्या परक्या फौजांत म्हणे असं असायचं, की लढाईत स्वाराचा घोडा मेला आणि भाला मोडला की तो पायदळात यायचा. पण होता तो मानाचा माणूस, म्हणून पायदळातली चार-दोन माणसं त्याच्या हाताखाली द्यायचे. त्याला मोडका भालाच म्हणायचे. ते नाव घासत घासत पुढे लान्स एवढंच उरलं. अगदी असंच झालं असेल याची खात्री कुणी देत नाही, पण बहुतेक कोशांत हेच सांगितलंय.”

हवालदार टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

“भाला मोडलेला माणूस,” ते म्हणाले. मग एकदम, “‘लेखी’ काढा.”

“का?”

“तोंडीही होतो.”

“नियमपुस्तकात लेखी आहे. मी स्वतः पाहिलंय.”

“नियमपुस्तक खोलीत बसून लिहितात, बाई. मैदानात कागद नसतो. वरचा माणूस म्हणतो, तू आजपासून लान्सनाईक, की तो लान्सनाईक. कागद मागाहून येतो. कधीकधी नाही येत.”

“शक्य आहे. पण मला पुरावा हवा. वाक्य द्या, मी ‘तोंडी’ घालते.”

हवालदारांनी खिडकीकडे पाहिले. “लिहा. ‘हवालदाराने त्याला तोंडी लान्सनाईक केले.’”

“कोण म्हणालं हे?”

“असंच. ऐकलंय.”

“कुणाकडून? कुठं? कधी?”

“ऐकीव आहे म्हटलं ना.”

“ऐकीव चालत नाही, हवालदार. तुम्हाला आता नियम पाठ झालेत.” बाईंचा आवाज चढला नव्हता, पण त्यात परीक्षा घेणाऱ्या माणसाची धार होती. “हुकूम देणारा कोण, घेणारा कोण? माहीत नसेल तर ‘लेखी’ राहू दे. आजवर कुणाचं अडलं नाही.”

हवालदार उठले. दाराशी जाऊन ते थांबले, जणू काहीतरी राहिले होते, पण मग तसेच जिना उतरले. छत्री कोपऱ्यात राहिली.

शुक्रवारी ते आले नाहीत. दहा वाजले, साडेदहा झाले, नानांनी आणलेला दुसरा कप गार झाला. बाईंनी ‘लिलाव’ हा शब्द हातात घेतला आणि चार वेळा तीच ओळ वाचली.

“जरा जास्तच खोदलंत, बाई,” नाना म्हणाले.

“मी काय खोदलं? नेहमीचेच प्रश्न विचारले.”

“प्रश्न नेहमीचे होते. माणूस नेहमीसारखा नव्हता.”

बाईंना याचा राग आला, आणि राग आला म्हणजे नाना बरोबर बोलत आहेत हेही त्यांना कळले. सोमवारी मुकादमाचा फोन आला. ‘ल’ची पाने बुधवारी यंत्रावर चढणार, आता एक दिवससुद्धा थांबता येणार नाही, असे त्याने निक्षून सांगितले. बाईंनी लान्सनाईकाची चिठ्ठी गठ्ठ्यात वर ठेवली, मग खाली ठेवली, मग बाजूला काढून पेपरवेटखाली सारली. घरी जाताना त्या छत्री बरोबर घेणार होत्या, पण हवालदारांचे घर कुठे हे त्यांना ठाऊक नव्हते. पत्ता विचारायचे कधी सुचलेच नव्हते.

मंगळवारी दहाच्या ठोक्याला दार वाजले. हवालदार उभे होते. दाढी नेहमीसारखी गुळगुळीत, सदरा इस्त्रीचा. बाई घाईने म्हणाल्या, “बसा ना.”

ते बसले नाहीत.

“उंट म्हणायचो आम्ही त्याला,” ते म्हणाले. “उंच होता आणि चालताना मान पुढे-मागे हलायची. माझ्या तुकडीत शिपाई होता. बावीस वर्षांचा.”

बाईंनी पेन खाली ठेवले.

“दुपार होती. कालव्याच्या पलीकडे पंपघर होतं. ते रिकामं आहे का एवढं बघून यायचं होतं. माझ्या हवाली नऊ माणसं. हुकूम मला होता, पुढं मी जायचं होतं. नंतर मी तुकडीतल्यांना सांगितलं की गुडघा मुरगळला. गुडघ्याला काही झालं नव्हतं. पाय उठले नाहीत, बाई. मी उठ म्हणत होतो आणि ते उठत नव्हते.”

बाहेरच्या खोलीत नानांचा फायलींचा आवाज बंद झाला होता.

“माझ्या खिशात एक फीत असायची. मी लान्सनाईक झालो तेव्हाची, एका पट्टीची. जपून ठेवली होती. ती काढली आणि उंटाच्या बाहीला पिनेनं लावली. म्हटलं, आजपासून तू लान्सनाईक. माणसं घेऊन जा.”

“तो काय म्हणाला?”

“हसला. म्हणाला, बहिणीला कळवायला पाहिजे, ती म्हणते तुझ्याच्यानं काही होणार नाही. नऊ गेले. सहा आले. उंट नाही आला.”

गेल्या मंगळवारी आपण या माणसाला ‘हुकूम देणारा कोण, घेणारा कोण’ असे दरडावून विचारले होते, हे आठवून बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“अहवाल मीच लिहायचा होता. त्यात मी त्याला शिपाई लिहिलं. लान्सनाईक लिहिलं असतं, तर साहेबांनी विचारलं असतं, कधी केलंस, कशाला केलंस, तू कुठं होतास. म्हणून लिहिलं, तुकडी हवालदाराबरोबर गेली. परत आलेल्या सहांपैकी कुणी तोंड उघडलं नाही. मला शाबासकीचा कागद मिळाला. अजून घरात भिंतीवर आहे. सून रोज पुसते.”

“आणि त्याच्या घरचे?”

“बहीण आहे. इथून बसनं दोन तास. त्यांच्या चौकात दगड आहे, त्यावर गावातल्या मेलेल्यांची नावं. त्याच्या नावामागं शिपाई आहे. दोनदा त्या घराच्या फाटकापर्यंत जाऊन आलोय. नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला पत्रही लिहिलं होतं, पण खाली नाव घातलं नाही. मग उत्तर कुठं येणार?”

“परवा तुम्हीच भांडत होतात, की शिपाई खालचा नसतो.” बाईंनी हे टोचायला म्हटले नव्हते. त्यांना खरोखरच समजून घ्यायचे होते.

“नसतोच. पण त्याचं जे झालं होतं ते त्याला मिळायला नको? दगडावर शिपाई, कागदावर शिपाई. आता तुमच्या पुस्तकात ‘लेखी’ छापलं, की तो पिनेचा हुद्दा हुद्दाच नव्हता असं ठरणार. कायमचं.”

बाई उठल्या. पेपरवेटखालची चिठ्ठी काढून त्यांनी ‘लेखी’ या शब्दापुढे ‘किंवा तोंडी’ असे लिहिले. मग कोरी चिठ्ठी घेतली आणि जे त्यांनी ‘रंधा’च्या त्या दुपारनंतर कधी केले नव्हते, थोरल्या संपादकांच्या मागेही केले नव्हते, ते करायची त्यांची तयारी झाली.

“हवालदार, तुम्ही बसा. वाक्य मी बनवते. ‘सुभेदाराने मैदानावरच त्याला लान्सनाईक केले.’ साधं, सरळ. नाव मी कुठलंही घालीन. चिठ्ठ्या माझ्याखेरीज कोण तपासतंय? तुम्हाला यात यायची गरज नाही.”

हवालदारांनी त्यांच्याकडे असे पाहिले की बाईंचे पेन हवेतच राहिले.

“बनवलेलं वाक्य चालत नाही ना?”

“एखाद्या वेळी...”

“मीही तेव्हा एखाद्या वेळीच म्हटलं होतं,” हवालदार म्हणाले. “आणा इकडं.”

मग ते बसले. पेन त्यांनी फार घट्ट धरले होते. शब्दाच्या रकान्यात लान्सनाईक लिहिले. वाक्याच्या रकान्यात लिहिले, ‘कालव्याकाठी मी त्याला तोंडी हुकमाने लान्सनाईक केले आणि माझ्या जागी पुढे पाठवले.’ नावाच्या रकान्यात आपले पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. हुद्द्याच्या रकान्यावर पेन थोडा वेळ थांबले आणि तिथे काही न लिहिता पुढे सरकले. तारीख घालून त्यांनी चिठ्ठी बाईंपुढे ठेवली.

रिकामा रकाना बाईंना दिसला. अशा चिठ्ठ्या त्या एरवी परत करत. ही त्यांनी ठेवून घेतली. मात्र त्यांना भडभडून आले आणि ते लपवायला त्यांनी खण उघडून उगाच चार चिठ्ठ्या मागे-पुढे केल्या.

“खंड छापून आला की पहिली प्रत तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ते पान त्या ताईंना दाखवू शकाल.”

“छापील पानावर मी नाही.”

“नाही. नाव छापत नाही आपण.”

“मग ते दाखवून मी पुन्हा सुटणार.” हवालदारांनी चिठ्ठीकडे बोट केले. “ही द्या. वाचून झाली की आणून देतो.”

नाना एव्हाना दारात येऊन उभे राहिले होते. अध्यक्षांच्या गाडीमागे बाई धावल्या तेव्हा जिन्याच्या तोंडाशी त्यांची चप्पल हातात घेऊन हेच नाना उभे होते. आता बाई नाहीच म्हणणार याची त्यांना खात्री होती, त्यामुळे त्यांनी हवालदारांची छत्री कोपऱ्यातून आधीच उचलली होती.

बाईंनी वाक्य पानात उतरवून घेतले. मग एक लिफाफा काढला, चिठ्ठी त्यात सरकवली आणि हवालदारांच्या हातात दिली. बाहेर गेलेल्या चिठ्ठीच्या जागी काय ठेवतात हे या कचेरीत कुणालाच माहीत नव्हते, कारण तशी वेळ आली नव्हती. बाईंनी जुन्या फायलीचे पुठ्ठ्याचे कव्हर चिठ्ठीच्या मापाने कापले आणि त्यावर लिहिले, ‘लान्सनाईक. चिठ्ठी बाहेर. कोणाकडे : हवालदार. परत कधी :’ आणि पुढे जागा सोडली.

“बाई, तुम्ही?” नाना म्हणाले.

“नाना, चहा.”

‘ल’ची पाने बुधवारी यंत्रावर चढली. शुक्रवार गेला, पुढचा मंगळवार गेला. बाई ‘विळखा’पर्यंत पोचल्या. मधूनच त्या खण उघडत, पुठ्ठ्याचा तुकडा दिसला की बंद करत. ती बहीण कशी असेल, दार उघडेल की नाही, उघडले तर चिठ्ठी फाडून तोंडावर टाकेल का, असे नाही नाही ते त्यांच्या मनात येई. चिठ्ठी फाटली तर फाटली, असेही त्यांना एकदा वाटले आणि या विचाराचे त्यांनाच नवल वाटले.

तिसऱ्या शुक्रवारी दहाच्या ठोक्याला हवालदार आले. बसा म्हणायच्या आधीच खुर्चीत बसले आणि पाठ टेकली. लिफाफा टेबलावर ठेवला.

बाईंनी तो उघडला नाही. “भेटल्या?”

“भेटल्या. दार त्यांनीच उघडलं. त्याही उंच आहेत.” हवालदारांनी हातावर हात ठेवले. “मी बोलायला गेलो तर जमेना. चिठ्ठी दिली. उभ्या उभ्या दोनदा वाचली. मग आत गेल्या. मला वाटलं आता येत नाहीत. तर एक पत्र्याची डबी घेऊन आल्या. तिच्यात फीत होती. पिनेसकट. पिन गंजली होती.”

“माझी फीत,” ते म्हणाले. “मागाहून त्याला उचलून आणलं तेव्हा बाहीवर तशीच असणार. त्याच्या सामानाबरोबर घरी आली होती. कागदावर शिपाई आणि सामानात फीत, असं का, ते त्यांच्या आईनं शेवटपर्यंत विचारलं म्हणे. दुसऱ्या कुणाची चुकून आली असेल, असं सगळे सांगायचे.”

नानांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि ते तिथेच उभे राहिले.

“काय म्हणाल्या तुम्हाला?” बाईंनी विचारले.

“चिठ्ठी पुन्हा उचलली आणि म्हणाल्या, इथं रिकामं का सोडलंत? त्या आयुष्यभर दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर होत्या. रिकामा रकाना त्यांना चालत नाही. मी म्हटलं, तो लिहायचा मला हक्क नाही. तर म्हणाल्या, हक्काचं कोण विचारतंय? होतात ते लिहा. तेवढ्यातून सुटायचं नाही.”

“मग?”

“माझ्याच्यानं लिहवेना. तेव्हा त्यांनी पेन मागितलं.”

बाईंनी लिफाफ्यातून चिठ्ठी काढली. वाक्य तेच होते, नाव तेच, तारीख तीच. फक्त हुद्द्याच्या रकान्यात, खिडकीवर हजारो नावे लिहून सरळ झालेल्या उभ्या अक्षरात, दुसऱ्या कुणीतरी ‘हवालदार’ असे लिहिले होते. त्याखाली एक बारीक रेघ ओढली होती, नोंद पुरी झाली की ओढतात तशी.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“माफ केलं असं काही म्हणाल्या का?” नानांना राहवले नाही.

“नाही,” हवालदार म्हणाले. “तसं काही म्हणाल्या नाहीत. चहा केला. आणि उद्या परत बोलावलंय. त्याला उंट का म्हणायचे, तो काय खायचा, कसा चालायचा, ते सगळं सांगायचं राहिलं. बस आठची आहे.”

बाईंनी खण उघडला. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ‘परत कधी’च्या पुढे त्यांनी आजची तारीख लिहिली, तो बाहेर काढला आणि चिठ्ठी तिच्या जागी उभी केली. मग हवालदारांकडे वळून त्यांनी घराचा पत्ता विचारला आणि तो वहीत नीट लिहून घेतला.